झेंडूखालचा काटा

स्वच्छ

मित्रांनो, मी हवेचा दाब सांगणारं एक जुनं पितळी यंत्र आहे. जन्म परदेशी कारखान्यातला, आयुष्य बार्शीटाकळीच्या शाळेतलं. नत्थुजी गुरुजींनी माझ्या तबकडीवर मराठी चिठ्ठ्या डकवल्या: स्वच्छ, बदल, पाऊस, वादळ. दाब घटला की माझा काटा याच क्रमाने खाली उतरे. रोज सकाळी गुरुजी काचेवर टिचकी मारत आणि काटा बघत. नदीवर पूल नव्हता, म्हणून पात्रातून पलीकडे जाणारी माणसं आधी मला विचारून जात. माझा केवढा मान होता!

बदल

१९५८ साल. जगभरचे शास्त्रज्ञ ध्रुवावरच्या बर्फात तळ ठोकून होते. गुरुजी वर्तमानपत्र वाचून पोरांना सांगत, "बंगालच्या उपसागरातलं वादळ भटकत भटकत आपल्याकडे येते. तिकडे ध्रुवावर बर्फ कमी-जास्त झाला, तर वाऱ्याच्या वाटा बदलत असतील. वादळाचे महिनेही बदलत असतील. पक्कं अजून कोणाले ठाऊक नाही."

शाळेला लागूनच त्यांचं घर. त्यांच्या पत्नी पार्वताबाई दारातूनच म्हणत, "बर्फ तिकडे, अन् कापूस आमचा काहून भिजते? त्या बर्फाले एक कार्ड तरी टाका!"

पोरं हसत. गुरुजीही.

पाऊस

दसरा आला. दसऱ्याला अवजारांना आराम. गुरुजींनी मला पुसलं, काचेला हळदकुंकू लावलं, झेंडूचा भरगच्च हार घातला. तबकडी झाकली गेली.

पार्वताबाईंना नदीपलीकडे माहेरी सोनं द्यायला जायचं होतं.

"अहो, काटा पाहा ना एकडाव. आभाळ मले बरं दिसत नाही."

"आज त्याले आराम हाय. पूजेतलं हलवू नये. दसऱ्याले कुठचा आला पाऊस? जाय तू."

"आराम त्याले, अन् घोर मले!" असं म्हणत त्या आपट्याची पानं घेऊन निघाल्या.

मित्रांनो, फुलांखाली माझा काटा उतरत होता. पाऊस. त्याच्याही खाली. मला तोंड नाही.

वादळ

परतताना त्या पात्राच्या मध्यावर होत्या. वरून लोंढा आला.

 

 

दुसऱ्या दिवशी त्या खालच्या गावाजवळ सापडल्या. पदराच्या गाठीत माहेरचं सोनं होतं. गुरुजींसाठी.

स्वच्छ

गुरुजींनी हार काढला. काटा बघितला. मग मुठीने मला मारलं. काटा उडाला, स्वच्छवर जाऊन अडकला, तो आजवर तिथेच आहे. बाहेर कसलंही आभाळ येवो, मी स्वच्छच सांगतो.

त्यानंतर पोरांनी बर्फाविषयी विचारलं, की गुरुजी कोरा फळा पुसत राहत. आता तेही गेले. ध्रुवावर काय चाललं आहे, मला ठाऊक नाही. यंदाही दसऱ्याच्या तोंडावर ढग आले आहेत.

मित्रांनो, आमची पूजा करू नका असं मी म्हणत नाही. पण फुलं वाहण्याआधी एकदा काचेकडे बघा. बिघडलो असू तर दुरुस्त करा.

तुम्ही बघाल असं मला वाटत नाही. उद्या दसरा आहे. शिपाई झेंडू आणायला गेला आहे.