मांडीवरचं कोकरू

"मामा, आज काम थोडंच करायचंय त्याच्यावर? नुसता दाखवायचा हाय. परवा आणून देतो."

काकासाहेब असं म्हणाला तेव्हा मुंजाबाच्या हातात हळदीकुंकवाची वाटी होती. खंडेनवमीचा दिवस. रंधे, पटाश्या, करवती, कानशी सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं आणि मधोमध तो गिटारीचा आकार आखायचा प्लायवूडचा फर्मा. त्याच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. काकासाहेब बोट दाखवत होता ते नेमकं त्याच्याकडेच.

मी दारात प्रसादाचा द्रोण घेऊन उभा होतो. मी पुंजाराम. शहागंजात मुंजाबाच्या दुकानाला लागून माझं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. मध्ये एकच भिंत, तीही अशी की त्याने हातोडी मारली की माझ्या खोक्यांवरची धूळ पडते. मला कोणी विचारलं नव्हतं, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"आजच्या दिवशी हत्यार दुकानाबाहेर जात नसतं," मी म्हणालो.

"काका, हे हत्यार कुठं हाय? लाकडाचा तुकडा तर हाय," काकासाहेब हसला.

मुंजाबाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग फर्मा उचलला, कपाळाला लावला आणि देऊन टाकला. वर मलाच म्हणतो, "भाचा हाय, पुंजाराम. भाच्याला नाय म्हणता येत नाय."

भाचा म्हणजे सख्खा नव्हे. काकासाहेबची आई वच्छलाबाई ही मुंजाबाच्या गावची लेक, कन्नड तालुक्याकडची. ती पाटलाच्या घरातली आणि मुंजाबा मेंढरं राखणाऱ्याच्या घरातला, पण गावची लेक म्हणजे सगळ्या गावाची बहीण. तिला पाठचा भाऊ नव्हता, म्हणून दर भाऊबीजेला ती मुंजाबाला ओवाळायला शहागंजात यायची. आणि आमच्याकडे एक भाचा जेवला की शंभर बामण जेवले असं मानतात. मामा भाच्याच्या पाया पडतो. जीन पँट घातलेला, चितेगावच्या बाजूला लाकडी सामानाच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला काकासाहेब दुकानात शिरला की पिकल्या केसांचा मुंजाबा वाकून त्याच्या बुटांना हात लावायचा. पहिल्यांदा पोरगं लाजायचं. पुढे सवय झाली त्याला.

मुंजाबा मूळचा पेट्या आणि तबले दुरुस्त करणारा. गिटार तो आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे शिकला. वाजवायची नव्हे, बनवायची. उस्ताद म्हणायचे, "पैले आदमी कू नापो मुंजाबा, लकडी कू बाद में." मुंजाबाने ते एवढं मनावर घेतलं की गिऱ्हाईक आलं की आधी त्याला चटईवर बसवायचा, उभं करायचा, हात लांब करायला सांगायचा. लोक हसायचे. पण गिटार घेऊन गेलेला माणूस दुसरीकडे जात नसे.

गिटारवेड्यांची टोळी दुकानात आणली ती काकासाहेबनेच. एक बँकेतला, एक डॉक्टरीणबाई, एक मास्तर, दोनचार कॉलेजची पोरं. दर रविवारी जमायचे आणि कोणती इलेक्ट्रिक गिटार अजून जगात नाही, ती मुंजाबाने कशी करावी, यावर तास न् तास बोलायचे. एकाला बैलाच्या शिंगांसारखी टोकं हवी होती. मास्तराला पाठीला त्रास, म्हणून त्याला पोकळ आणि हलकी पाहिजे. बँकेतल्याला अशी पाहिजे की मान काढून बॅगेत घालता यावी. डॉक्टरीणबाईंचे हात लहान, त्यांना बारीक मानेची. माझ्याकडचा अँप्लिफायर तिथेच पडलेला असायचा, त्यामुळे मलाही मत द्यायचा हक्क होता आणि मी तो सोडत नसे. चहा मात्र सगळ्यांना मुंजाबाचा.

एका रविवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, सगळ्या गिटारी उभ्याने नाहीतर खुर्चीवर बसून वाजवायच्या. मी भजनाला मांडी घालून बसते. मांडीवरून घसरते हो ही."

मुंजाबाने आपल्याच मांडीवरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "कोकरू कसं मांडीत बसतं? त्याला धरावं लागत नाय. तसं बसाया पायजे."

झालं, नाव तिथेच पडलं. कोकरू.

आता तो फर्मा कसा झाला ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. मंजुळाबाई, म्हणजे मुंजाबाची बायको, तेव्हा होती. अंगाने वाळलेली, पण बोलायला खमकी. मुंजाबाने तिला दुकानात चटईवर मांडी घालून बसवलं, मांडीला पुठ्ठा टेकवला आणि कडेने पेन्सिल फिरवली. मंजुळाबाई लहानपणी मेंढरांमागे गौताळ्याच्या डोंगरउतारावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं आणि कसंबसं जुळलं, तिथे उंचवटा राहिला. पेन्सिल त्याच्यावरूनही गेली. त्यामुळे फर्म्याच्या खालच्या वळणात एका जागी एक खळगी आली, अंगठा बसेल एवढी. गिटार कापताना मुंजाबा ती खळगी घ्यायचा नाही, वळण सरळ करून घ्यायचा. दुसऱ्या कुणाच्या मांडीला ती गाठ कुठून असणार? पण फर्म्यावरची त्याने कधी बुजवली नाही.

पुढे कावीळ झाली आणि मंजुळाबाई गेली. अहेव गेली, भरल्या कुंकवाने. तिचा एक धड फोटोसुद्धा नव्हता घरात, रेशनकार्डावरचा काळपट ठिपका तेवढा. मुंजाबाच्या डोक्यावर खिळ्याला तो फर्मा असायचा. सकाळी दुकान उघडलं की तो आधी खळगीत अंगठा घालायचा, मग कामाला लागायचा. मी पाहिलेलं आहे. त्याच्यावरून मी कधी थट्टा केली नाही, आणि ज्यांच्यावरून मी थट्टा केली नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत.

तर असा तो फर्मा काकासाहेब घेऊन गेला.

परवा झालं, तेरवा झालं. दसऱ्याची पानं वाळली. मुंजाबा फोन करायचा, तिकडून "मीटिंगमध्ये हाय मामा" यायचं. भाऊबीजेला वच्छलाबाई आल्या. मुंजाबाने ओवाळून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, काकासाहेबाला म्हणावं, फर्मा तेवढा दे."

"कारखान्यात हाय म्हणतो," वच्छलाबाई म्हणाल्या. "मोठ्या सायबाला दावायचा म्हणत व्हता. देईल की दादा, कुठं जातो?"

रविवारची टोळीही पातळ होत गेली. आधी बँकेतला यायचा थांबला, मग पोरं. मी म्हणालो, मुंजाबा, काहीतरी शिजतंय. तर मलाच म्हणतो, "तुला समद्यांत खोट दिसती."

उन्हाळ्यात जालना रोडवरच्या एका हॉलचं काम मला आलं. साऊंड लावायचा. आणि त्याच कार्यक्रमाचं आमंत्रण मुंजाबाला. काकासाहेब स्वतः फोनवर म्हणाला, मामा, तुम्ही आलंच पायजे, तुमच्यासाठी ठेवलंय. मुंजाबाने टोपीला नीळ दिली. रिक्षात मला म्हणाला, "समद्यांच्या म्होरं फर्मा देणार आसंल. म्हणून बोलावलं."

आत गेलो तर भिंतीवर ओळीने गिटारी. लाल, काळ्या, आभाळी. प्रत्येकीच्या कपाळावर इंग्रजीत कोकरू लिहिलेलं. माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मुंजाबा मात्र भिंतीकडे न बघता काकासाहेबच्या हातांकडे बघत होता, फर्मा कुठे दिसतो का म्हणून.

भाषणं झाली. काकासाहेब माइकवर म्हणाला, हे आपल्या मातीतलं डिझाइन, गिटारप्रेमींनी स्वप्न पाहिलं आणि आमच्या टीमने ते साकार केलं. आमचे मुंजाबामामा यामागची प्रेरणा. टाळ्या. बँकेतला, मास्तर, पोरं सगळे पहिल्या रांगेत, तेही वाजवत होते. प्रेरणा म्हणे. माणसाचं काम घ्यायचं आणि त्याला प्रेरणा म्हणायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही. माझ्या हातात बटण होतं, बंद करावंसं वाटलं. केलं नाही, धंदा आहे.

मुंजाबाला शाल घातली, नारळ दिला. फोटोवाल्याने त्याला स्टेजवरच्या गादीवर मांडी घालून बसवलं आणि मांडीवर एक लाल गिटार ठेवली. मुंजाबाचा हात सवयीने खालच्या वळणावर गेला आणि थांबला. अंगठा आत गेला होता.

मशीनने फर्मा जसाच्या तसा उचलला होता. भिंतीवरच्या प्रत्येक गिटारीला मंजुळाबाईच्या मोडक्या हाडाची खळगी होती.

"फर्मा कुठाय?" मुंजाबाने विचारलं. माइक चालू होता. माझ्या खोक्यांतून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

काकासाहेबने माइकवर हात ठेवला, पण मी शेजारीच होतो. "मामा, तो कवाच स्कॅन झाला. आता कॉम्प्युटरमध्ये हाय, कायमचा. लाकडाचं काय घेऊन बसलात? भुश्यात गेला आसंल. नवा कापून देतो तुम्हाला, त्याच्यापेक्षा चांगला."

"ही खळगी कशाला ठेवली?"

"तीच तर खुबी हाय ना मामा. वेगळी दिसती. साहेबांना लई आवडली."

मुंजाबाने गिटार हळूच बाजूला ठेवली, उठला. शालीची घडी घालून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ. काकासाहेब समोरच उभा होता, पाय जुळवून, जसा तो दुकानात उभा राहायचा तसा. फोटोवाल्याने कॅमेरा खाली धरला, त्यालाही कुणीतरी सांगून ठेवलं असणार की आता मामा पाया पडतात.

मुंजाबा वाकला नाही. त्याच्या बाजूने निघून पायऱ्या उतरला.

परतताना रिक्षात मी काकासाहेबच्या सात पिढ्या काढल्या. पोलिसात जाऊ म्हणालो, वच्छलाबाईला सांगू म्हणालो, कारखान्यासमोर माझे सगळे भोंगे लावून बोंब मारू म्हणालो. मुंजाबा रस्त्याकडे बघत होता. तिकडेच बघत तो बोलला.

"पेन्सिल लावायच्या आधी मी तिला इचारलं व्हतं. ती लाजत व्हती. म्हणली, बाईमाणसाच्या मांडीचं माप, चारचौघांत जाईल. म्हणलं, जाणार नाय. दुकानातच ऱ्हाईल, माझ्या डोक्यावर." मग म्हणाला, "माझ्याच हातानं दिला, पुंजाराम. कुंकू लावून दिला."



वच्छलाबाईंना त्याने काहीच कळू दिलं नाही. त्यांचा काय गुन्हा, म्हणाला. रविवारी दुकान बंद ठेवायला लागला. नवीन गिटार मागायला कुणी आलं तर पेटी दुरुस्त करतो म्हणायचा. भिंतीवरचा खिळा तेवढा काढला नाही.

आणि पाऊस सरता सरता कारखान्याच्या गिटारी शहागंजात यायला लागल्या. लोकांची मांडी त्या खळगीत बसेना, कड टोचायची. कारखान्यातून म्हणे सांगत होते, शहागंजात मुंजाबामामा आहेत, ते करून देतील. निर्लज्जपणाला काही माप असतं का? मुंजाबा तारा बदलून द्यायचा, आवाज बघून द्यायचा, खळगीचं नाव काढलं की गिटार परत हातात द्यायचा.

यंदाच्या खंडेनवमीला पूजा मांडली तेव्हा पाटावर मधली जागा मोकळी होती. हत्यारं दोन्ही बाजूंना सरकवून त्याने ती मुद्दाम ठेवली होती. मी द्रोण घेऊन दारात उभा होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हातात लाल कोकरू.

"मामा, रागावू नका. मला त्यांनी भेट दिली आणि मी घेतली. मला नंतर कळलं सगळं," त्या म्हणाल्या. बाईंचा आवाज पडला होता. "एवढी ही खळगी लांबी भरून बुजवून द्या. इथे काहीच बसत नाही."

"बसतं," मुंजाबा म्हणाला.

"काय?"

"काय नाय, बाई. आज हत्यार चालत नाय. ठिवून जा. बाकी काय आसंल ते उद्या करून देतो. तेवढं ऱ्हाऊ द्या."

बाई गिटार ठेवून गेल्या.

मुंजाबाने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पाटावरच्या मोकळ्या जागेत आडवी ठेवली. वाटी घेतली. रंध्याला लावलं, करवतीला लावलं, पटाश्यांना लावलं. मग गिटारीवर वाकला. कपाळावरच्या इंग्रजी नावाकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या वळणावर, त्या खळगीत, त्याने आधी हळद लावली आणि मग कुंकू, अहेव बाईला लावतात तसं.

"पुंजाराम," म्हणाला, "आत ये. आरती करू."