दोनदा घातलेली शिवण

"मावशी, पाय हलवू नका," सिस्टर दारातून म्हणाल्या. आवाज इतका हळू, की साहेब बोलतायत म्हणून अदबीने सांगत असतील, असं शिलाई मशीनवर बसलेल्या मावशींना वाटलं.

साहेब बोलतच होते. ह्या दवाखान्यात येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं. बाजारातून आणलेल्या तयार अभ्र्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते समजावत होते, की पहिल्या तारखेपासून शिवणखोली बंद. मावशींनी वॉर्डात पाणी द्यायचं.

"तुम्ही एकेक अभ्रा दोनदा शिवता, मावशी. एवढा वेळ आहे कोणाला?"

सत्तावीस वर्षं मावशी प्रत्येक शिवण आधी सुलट बाजूने घालत आल्या होत्या आणि मग कापड उलटवून पुन्हा एकदा. आजारी माणसाच्या डोक्याखालचं काही उसवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. ते साहेबांना सांगायला तोंड उघडणार, तोच सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "पाय. पायडलच्या मागे नाग बसलाय."

साहेबांचं बोलणं थांबलं. कधी चढले कोण जाणे, पण ते स्टुलावर उभे होते.

मावशींनी खाली पाहिलं नाही. झुरळ दिसलं तर अर्धा दिवस खोली झाडत बसणारी बाई ती. आता उजवा पाय अर्धवट दाबलेल्या पायडलवर, पोटरीत कळ, आणि समोर लहान मुलांचा वॉर्ड. मध्ये दार नाही, नुसता पडदा. पाय सुटला तर पायडल खटकणार, आणि बिथरलेला नाग पळणार तो पडद्याखालूनच.

नळ दुरुस्त करणारा गडी सकाळपासून गच्चीवरच्या टाकीपाशी होता. साप धरणं हा त्याचा बिनपगारी उद्योग. सिस्टरांचा निरोप मिळताच तो आला तो एका हातात साप वळवायची आकडी, दुसऱ्या हातात पाइपचा तुकडा घेऊन.

"पिशवी बायकोने धुवायला टाकलीय," तो कुजबुजला. "म्हणे वास मारते. एखादा अभ्रा मिळेल का?"

साहेबांनी स्टुलावरूनच बाजारच्या गठ्ठ्यातला नवा अभ्रा टाकला. नळवाल्याने तो पाइपच्या टोकाला बांधला, पाइप जमिनीवर सरकवला आणि आकडीने नागाला अलगद वळवलं. अंधारं भोक दिसलं की साप आपणहून शिरतो. हाही शिरला. आणि अभ्र्याच्या कोपऱ्यातून बाहेर आला. शिवण फाटलीसुद्धा नाही, नुसती उकलली, जणू धरून ठेवायचं काम तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

नाग पुन्हा पायडलमागे. ह्या वेळी फणा काढून.

"आता असला दुसरा नको," नळवाला म्हणाला. "आणखी एकदा फसलं तर काही खरं नाही."

मावशींनी कमरेवरचा भाग तेवढा वळवला. कोपराशी त्यांनी स्वतः आज शिवलेल्या अभ्र्यांची चळत होती. वरचा उचलून त्यांनी हळूच खाली धरला.

"हा घ्या. ह्यातून नाही जायचा तो."

"खात्री आहे?"

"सत्तावीस वर्षांची."

पाइप पुन्हा सरकला. नाग शिरला. कोपरा एकदा फुगला, मग दुसऱ्यांदा, चांगला जोरात. मावशी आता पाहत होत्या. नागाकडे नाही, शिवणीकडे. शिवण हलली नाही. नळवाल्याने अभ्र्याला पीळ देऊन गाठ मारली आणि तो लांब धरून उभा राहिला.

"मावशी, असे चार शिवून द्याल मला?"

"देईन की. शिवणखोली चालू असली तर."

सगळ्यांच्या नजरा स्टुलाकडे गेल्या. साहेबांनी घसा खाकरला. "चालू आहे ना. बंद कोण करतंय?"

"मग उतरा, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "स्टूल त्याच खोलीचं आहे."

पडद्यामागे कोणीतरी पोर खुदकन हसलं.

सगळे गेल्यावर मावशींनी पाय खाली घेतला. पोटरी चोळली. घोटभर पाणी पिऊन त्यांनी जमिनीवरचा उसवलेला अभ्रा उचलला, झटकला. उसवलेलं तसंच टाकून द्यायची त्यांना सवय नव्हती. कडा जुळवून त्यांनी तो सुईखाली घेतला, पायडल दाबलं, शिवण कोपऱ्यापर्यंत नेली. मग अभ्रा उलटवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.