आत्याच्या खोलीतली तार

मोडेमचा लाल दिवा हिरवा झाला आणि हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या शेजाऱ्यांनी हात जोडले.

"पाहिलंत?" नेट का बंद पडतं ते शोधायला बोलावलेले तरंगबाबा डोळे मिटून म्हणाले. "या बाईच्या शोकलहरी नेटच्या लहरी गिळत होत्या. खोलीबाहेर काढली, वाट मोकळी झाली. आता घराबाहेर काढा, कायमची मोकळी होईल."

आत्या दाराशी मान खाली घालून उभी होती. नवरा गेल्यावर ती भाच्यांकडे राहायला आली, मागच्या खोलीत तिच्यासाठी फोन बसवला, आणि तेव्हापासून तिला फोन आला की नेट बंद पडायचं. मोठ्या भाच्याचं, दादाचं, सगळं काम घरून, नेटवर. साहेबासमोर दोनदा तोंडघशी पडल्यावर त्याने वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. तरंगबाबांनी फक्त त्याला दुजोरा दिला.

धाकटी सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, कारण खोली 'शुद्ध' करणारा बाबांचा चेला तिने दारातून पाहिला होता. त्याने आधी रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला, तेव्हा दिवा लाल. मग फोन उपटून झोळीत टाकला, तेव्हा हिरवा.

"बाबा, खोलीतून आत्या बाहेर आली आणि फोनही. दोष आत्याचाच, हे कसं ठरवलंत?"

"श्रद्धेला प्रश्न विचारू नयेत, बाई."

"मला विचारायचाच पगार मिळतो."

तिने आत्याला पुन्हा खोलीत नेऊन बसवलं. दिवा हिरवाच. मग आत्याला हॉलमध्ये आणलं, झोळीतला फोन रिकाम्या खोलीत जोडला आणि मोबाइलवरून घरचा नंबर लावला. घंटा वाजली, दिवा लाल.

"आता शोक कोणाला झालाय? पलंगाला?"

कोणीतरी फिसकन हसलं. "तिची छाया मागे राहिली आहे," बाबा घाईने म्हणाले.

"मघाशी दिवा हिरवा होता तेव्हा छाया काय चहाला गेली होती?"

तिने भिंतीवरची फोनच्या तारांची डबी उघडली. "दादा, ही तार कोणी जोडली?"

"मीच," दादा पुटपुटला.

"बोलणं आणि नेट एकाच तारेतून येतं. हा फिल्टर दोन्ही वेगळं करतो. तुम्ही आत्याची तार फिल्टरच्या आधीच जोडलीत, म्हणून घंटा वाजली की नेट कोलमडतं."

दोन स्क्रू सैल करून तिने ती तार फिल्टरच्या 'फोन' लिहिलेल्या टोकाला जोडली. दिवा हिरवा होईपर्यंत थांबून पुन्हा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, दिवा हलला नाही. बाबा आणि चेला चपला शोधायला लागले.

"उद्या तुमच्याही घरात काहीतरी बिघडेल," धाकटी शेजाऱ्यांना म्हणाली. "आधी डबी उघडून बघा. कळत नसेल तर जाणकाराला विचारा. पण घरातल्या माणसावर खापर फोडू नका."

"आत्या, चुकलं माझं," दादा म्हणाला. "तार जोडताना..."

"तार कोणाचीही चुकते रे," आत्याने मान वर केली. "पण एका दिव्याचा रंग बघून तू मला घालवायला निघालास. मी इथेच राहणार आहे. आणि यापुढे माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल, तर आधी मला विचारायचं."