पोटातून खोकायचं

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरात असताना फिरायचं, चेन्नईजवळच्या आवडीला येऊन सोळा वर्षं झाली तरी फिरतंच. इथल्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. टीबीचा संशय असलेल्यांचा बेडका तपासायचा, हे माझं काम. कुणी झाकण सैल ठेवून डबी आणली की मी तमिळमध्ये असं काही सुनावते की बाहेरची अख्खी रांग सरळ होते.

पण विद्याच्या वेळी चूक माझीच होती.

विद्यालक्ष्मी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरोजामामींची सून; सासूला ती आत्या म्हणते. तंजावरची मराठी माणसं. मामी शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, सोवळ्याओवळ्याला कडक. त्यांची मराठी पहिल्या वर्षी मला निम्मीच कळायची, आता भांडण्यापुरती सगळी कळते. विद्या बँकेत, नवरा उपेंद्र कोइम्बतूरच्या शाखेत, आणि पाच वर्षांची सुष्मिता रात्री आईच्या कुशीत झोपणारी.

विद्या पाच आठवडे खोकत होती. जवळच्या एका खाजगी डॉक्टरनं दोनदा अँटिबायोटिक दिलं, तीन बाटल्या सिरप दिलं. एक्स-रे नाही, बेडका नाही. हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा, हे आमच्या शिपायालाही पाठ आहे! त्या डॉक्टरला पदवी दिली कुणी?" असं म्हणत मी तिला केंद्रात घेऊन गेले. हातात डबी दिली, सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, "बाहेर जाऊन दे, झाकण घट्ट लाव," आणि आत वळले.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मीच आनंदानं वर जाऊन सांगितला. मामींनी केसरी, म्हणजे आपला शिरा, केली, वाटी माझ्या हातात दिली आणि सुनेला म्हणाल्या, "काही नाही म्हणून मशीनच सांगितलं. आता पुरे गे. उगा खोकत बसू नको."

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी मी खाली उतरत होते. जिन्यात विद्या बसलेली. बाजूला भाजीची पिशवी, कुडता खांद्यावरून घसरत होता. हात धरला तर कढत.

"अक्का," ती म्हणाली, "हे माझ्या मनाचेच खेळ असतील का हो? आत्या म्हणतात, कामं नकोत म्हणून मी असं करते. रिपोर्ट तर चांगला आलाय ना."

ती 'रिपोर्ट' म्हणाली आणि मला तिची डबी आठवली. वर थोडा फेस, खाली पाण्यासारखं पातळ. ती थुंकी होती, नुसती तोंडातली थुंकी! फुफ्फुसातलं त्यात काहीच नव्हतं, मग मशीनला सापडणार काय, कपाळ? आणि मी ती पाहिली होती. त्या दिवशी नमुन्यांचा ढीग होता, जेवायची वेळ टळून गेली होती. परत पाठवायला हवी होती. नाही पाठवली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. ट्रेनिंगमध्ये प्रश्न विचारला की पहिला हात माझा. नमुना कसा हवा, किती हवा, सगळं तोंडपाठ. आणि माझ्याच इमारतीतली पोर माझ्याच सहीच्या कागदामुळे जिन्यात बसली होती. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर ती वाचली असती की नाही कोण जाणे, आणि कुशीत झोपणारी ती चिमुरडीही.

तिला धरून वर नेलं आणि मामींपुढे उभी राहिले. "मामी, तो रिपोर्ट विसरा. नमुनाच चुकीचा होता. मला दिसत होतं, तरी मी मशीनला लावला."

मामी म्हणाल्या, "त्या डॉक्टराला शिव्या दिल्यास. मग तू कोण गे?"

मी म्हणाले, "द्या शिव्या मामी, मला हव्या तेवढ्या द्या. पण उद्या सकाळी तिला गच्चीवर पाठवा."

सोमवारी सहा वाजता गच्चीवर वारा होता, आणि वाराच हवा होता. मी मास्क लावून, वारा पाठीवर घेऊन उभी राहिले. विद्यानं चूळ भरली. "आता खोल श्वास घे. थोडा धर. सोड. पुन्हा घे. आणि पोटातून खोक, घशातून नाही."

तिनं ओढणी तोंडाशी नेली, मान वळवली आणि मांजरीच्या पिलासारखं 'खुक' केलं. डबीत पुन्हा फेस.

"अगं, पोटातून!"

"नाही जमत, अक्का." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्याकडे असं खाकरत नाहीत. माहेरी खाकरलं तर आजी बाहेर काढायची. थुंकी एच्चिल, म्हणजे उष्टी, म्हणून इथंही बेसिनपाशी नळ सोडून तोंड धुते मी, आवाज येऊ नये म्हणून. त्या दिवशी तुमच्या केंद्रात तर मागं सगळे पुरुष उभे होते. कसंबसं थुंकले आणि पळाले."

रोज दहा-बारा लोकांच्या हातात मी डब्या देते. असं कुणाला विचारायचं मला आजवर सुचलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. मामी. नुकत्याच न्हालेल्या, ओल्या केसांची गाठ मारलेली. सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, झालं, आता दोघींना खाली नेतील. त्या आमच्याकडे न बघता पाण्याच्या टाकीपलीकडे लांब गेल्या, कठड्याला दोन्ही हात टेकले, छाती भरून श्वास घेतला आणि अशा काही खाकरल्या की समोरच्या इमारतीतल्या बाईनं गॅलरीतून वाकून पाहिलं!

"अय्यो, मामी!" मी ओरडले.

"काय अय्यो?" त्या तिथूनच गरजल्या. "विद्या, मी खाकरतें तर तुला काय गे लाज? खोक!"

विद्या हसायलाच लागली. हसता हसता खोकला आला, खरा, आतून, तिला वाकवणारा. डबी मी तिच्या तोंडाशी धरली. दोन मिनिटांनी बघितलं तर दाट, पिवळट, अस्सल बेडका. सोन्याचा दागिना न्यावा तशी ती डबी मी केंद्रात नेली.

मशीन चालू झालं की मला उसंत असते. त्या दिवशी मी रजिस्टर काढलं आणि महिनाभराची निगेटिव्ह नावं वाचत बसले. कुणाचा नमुना कसा होता, ते आठवायला लागलं. त्या आठवड्यात मी पातळ नमुनेवाल्यांना एकेक करून परत बोलावलं, केंद्रामागच्या कडुलिंबाखाली, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि प्रत्येकाला स्वतः खोकून दाखवलं. केंद्रातले डॉक्टर हसले. हसू देत. त्यातल्या दोघांना टीबी निघाला आणि त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

विद्याचा निकाल त्याच सोमवारी दुपारी स्क्रीनवर आला. टीबी होता. नेहमीची औषधं लागू पडतील, असाही आला. मी खुर्चीत बसून रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

संध्याकाळी वर गेले. "टीबी आहे," मी सरळ सांगितलं. "सहा महिने रोज गोळ्या, एक दिवसही चुकवायची नाही. बरी होणार, ठणठणीत होणार. सुष्मिताची तपासणी उद्याच करू. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, मामी. खिडक्या उघड्या ठेवा, हिला मास्क लावू दे, आणि काही आठवडे सुष्मिताला तुमच्याजवळ झोपवा."

ताट-वाटीवरून वाद होणार म्हणून मी पदर खोचूनच आले होते. पण मामींनी मान डोलावली.

विद्या मात्र हसत होती, आणि डोळे वाहत होते. "म्हणजे मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली.

मामींचा चेहरा उतरला. उठून त्यांनी खिडकी सताड उघडली आणि तिच्याजवळ पाट ओढून बसल्या. "तीस वर्षं शिकवलें," त्या हळू म्हणाल्या. "पोर खोटं बोलते म्हणायच्या आधी दोनदा विचारायची मी. तुला एकदाही नाही विचारलं."

"मग आता विचारा," विद्या म्हणाली.

"सांग गे. काय काय होतं तुला?"

विद्या सांगायला लागली. रात्रीचा घाम, संध्याकाळची कणकण, बँकेच्या पायऱ्या, सगळं. तिला खूप वेळ लागला, आणि मामींनी तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही.