लुगड्यातली अम्मा

राजम पहिल्यांदा चावली ती सरोजावहिनीच्या पोटाला. रडली नाही, ओरडली नाही. केळीची पानं मांडणाऱ्या वहिनीजवळ ती शांतपणे गेली आणि लुगड्याच्या निऱ्यांवर दात रोवले. तिला ओढून काढलं तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता. हातातलं काम कुणीतरी मध्येच थांबवल्यासारखी ती दिसत होती.

ती चार वर्षांची. माझ्या भावाची, रंगरावअण्णाची, एकुलती मुलगी. तिची आई कमलाक्षी बाळंतपणासाठी तिरुवैयारुला माहेरी गेली आणि बाळासकट तिथेच वारली. राजमला कुणी सांगितलं नाही. आमच्या घरांत लहान मुलाला मरण सांगत नाहीत. अम्मा गावाला गेलीय, एवढंच सांगतात आणि मूल विसरण्याची वाट बघतात. राजमने विचारणं सोडलं तेव्हा ती विसरली असं सगळ्यांनी धरलं. पुढे तिने बोलणंही सोडलं. तोवर अण्णाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती.

मी मद्रासहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन तंजावूरला परतले तेव्हा घरात सोळा वर्षांची नवी वहिनी, सरोजा, होती आणि तिच्या पोटावर, अडवताना हातांवरही, चाव्यांचे वण होते.

"चावणं काही नव्हे गे," विशालाक्षीकाकू मला म्हणाल्या. काकू म्हणजे घरातली थोरली सवाष्ण. त्यांच्या शब्दाबाहेर काही होत नसे. "नजर बघ तिची. सरोजाच्या पोटाकडेच कां बघते? कमला पोटुशी गेली. तीच आलीय पोरीच्या अंगात."

"काकू, चार वर्षांची पोर ती."

"तू कॉलेजात बाटल्या ढवळल्यास. भूत बाटलीत मावत नाही, वत्सले."

महिनाअखेरच्या शुक्रवारी राजमला वेशीबाहेरच्या पूसाऱ्याकडे, भुतं काढणाऱ्या पुजाऱ्याकडे, न्यायचं ठरलं होतं. बैलगाडी सांगून झाली होती. तो कडुनिंबाच्या डहाळीने झोडपतो, भूत आपलं नाव सांगेपर्यंत. मग डोक्यावरच्या केसांची एक बट चिंचेच्या खोडाला खिळ्याने ठोकतो आणि मुळापासून कापतो. भूत झाडाला राहतं, माणूस घरी येतं.

माणूस कसं घरी येतं ते मी पाहिलं होतं. मागच्या गल्लीतली सुंदरी लहानपणी झोपेत किंचाळायची, म्हणून तिला तिथे नेलं. परत आली ती गप्प. गुण आला, म्हणाले सगळे. आता ती तिशीची आहे. समोरच्याने आपले केस सारखे करायला हात उचलला तरी भिंतीला पाठ लावून खाली बसते. तिच्या कपाळावर, भांगाच्या सुरुवातीला, केस पुन्हा उगवलेच नाहीत. कोवळ्या वयात तिला कुणी नुसतं विचारलं असतं, काय दिसतं गे तुला झोपेत, तर?

"अण्णा, तू नको म्हण ना," मी भावाला म्हटलं.

तो कलेक्टर कचेरीत कारकून. साहेबासमोर बोलतो त्याच आवाजात म्हणाला, "काकूंपुढे मी काय बोलणार? पुन्हा, वत्सला... आणि ते खरंच असलं तर?"

मग मी राजमकडे बघत बसू लागले. दिवसभर, दुसरं काही न करता. प्रयोगशाळेत शिकवलेली एक गोष्ट उपयोगी पडली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वहिनी हिरवं लुगडं नेसली की राजम लांब बसून नुसती बघे. लाखेच्या रंगाचं नेसली की जवळ येई आणि निऱ्या पोटाशी खोचून जिथे जाड गुंडाळी होते नेमकी तिथेच चावे. म्हणजे तिचं वैर वहिनीशी नव्हतं.

"हेच लुगडं कां नेसता?" मी विचारलं.

"मंगळवारी, शुक्रवारी नेसायचं असं काकूंनी सांगितलंय. तुमच्या आधीच्या वहिनींचं आहे, वन्सं."

त्या दुपारी राजम कोठीच्या उंबऱ्याशी खेळत होती. आमच्याकडे मुलींना लाल चंदनी लाकडाची बाहुल्यांची जोडी देतात, मरापाची म्हणतात तिला. राजमने पुरुषाची बाहुली एका चिंधीत गुंडाळली, तिच्याशेजारी बाईची बाहुली निजवली, दोन्हींवर तपेली पालथी घातली आणि मी महिनाभरात न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "ये गे कमला. जेव. लुगडं नेस. पोरीला सांभाळ."

शब्द काकूंचे होते. हेलसुद्धा काकूंचा.

तिने तपेलीखाली हात घालून चिंधीत गुंडाळलेली पुरुषाची बाहुली बाहेर काढली. तिच्याकडे निरखून पाहिलं. मग दातांनी चिंधी फाडू लागली.

मी वहिनीला मागच्या अंगणात गाठलं. "या घरात आलात त्या दिवशी काय काय झालं? सगळं सांगा."

"सवाष्णींची पूजा झाली," ती म्हणाली. घरातली बाई सवाष्णपणी गेली की मंगलकार्याच्या वेळी तिला बोलावून मान देतात. पाटावर लुगडं ठेवायचं, पान वाढायचं, दार लावून तिला हाक मारायची आणि मग ते लुगडं घरातल्या एका सवाष्णीने नेसायचं. हे मला ठाऊक होतं. लुगडं नवं असतं, हेही ठाऊक होतं. "पण काकू म्हणाल्या, तिचंच ठेवू, म्हणजे तिला ओळख पटेल. मी कुंभकोणमहून त्याच सकाळी आले होते. राजम तेव्हा शेजारी होती, तिने मला पाहिलंच नव्हतं. मी ते नेसले, दार उघडलं, तर ही दाराशी ऐकत उभी. माझ्याकडे बघून हसली, वन्सं. नव्हे, लुगड्याकडे बघून हसली. मग वर तोंडाकडे बघितलं."

राजमचं गणित बिनचूक होतं. अम्माला हाक मारली. अम्माचं लुगडं बाहेर आलं. तोंड दुसरीचं. म्हणजे अम्मा आत कुठेतरी गुंडाळलेली आहे, आणि तिला बाहेर काढायला या घरात राजमशिवाय कुणी हात लावत नाही.

मी सांगितलं तेव्हा वहिनीने निऱ्यांवर हात ठेवला. "मग दाखवूया तिला," ती म्हणाली. "काकूंना सांगून?"

"न सांगता."

तो शुक्रवार उजाडला. गाडी यायच्या आधी आम्ही राजमला मधल्या खोलीत नेलं. वहिनी आत एक जुनं पातळ गुंडाळून वर ते लाखी लुगडं नेसली होती. ती राजमसमोर उभी राहिली आणि गुंडाळी सोडू लागली. निऱ्या सुटल्या, कासोटा सुटला, नऊ वार जमिनीवर पडले. राजम श्वास धरून बघत होती. मग ती खाली बसली आणि लुगडं चाचपू लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक घडी उलटली. पदराखाली हात घालून पाहिलं. शेवटी उठून वहिनीच्या पोटावर, आपल्याच दातांच्या वणांवर हात ठेवला.

"अम्मा कुठे?" तिने मला विचारलं.

"अम्मा मेली, राजम. तिरुवैयारुला. ती कुठे लपलेली नाही. कुणी हाक मारली तरी ती येऊ शकत नाही."

"आजीने मारली हाक."

दार उघडलं. काकू उभ्या होत्या. त्यांनी जमिनीवर पसरलेलं लुगडं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या काही बोलायच्या आत राजम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, तू बोलावलंस तेव्हा कोण आलं?"

बाहेर गाडीवाला हाका मारत होता.

"कुणी नाही आलं गे, पोरी," काकू म्हणाल्या. "मी बोलावलं. कुणी नाही आलं."

तेव्हा राजम रडली. इतके महिने न रडलेलं सगळं रडली. शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. वहिनीने तिला उचललं तेव्हा तिने पाय झाडले, पण चावली नाही. काकूंनी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली.

सगळं लगेच सरळ झालं असं नाही. राजम अंथरूण ओलं करू लागली. मेली म्हणजे काय, हे ती रोज नव्याने विचारी आणि मी रोज तेच सांगत असे. अण्णा ते ऐकून उठून जाई. पण ती बोलत होती.

एका संध्याकाळी विहिरीपाशी मी काकूंना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून पोर वाचली."

"खरं?" काकू पोहरा सोडता सोडता थांबल्या. "कमला आली होती. मी नाव घेतलं आणि पाटाजवळ तिच्या बांगड्या वाजल्या. माझे हात ताटावर होते. सरोजाने ऐकलंय, विचार तिला."

"मग राजमला नाही कां म्हणालात?"

"आली होती म्हणाले असते तर पोर जन्मभर त्या दाराशी बसली असती." त्यांनी पोहरा ओढायला घेतला. "पोरीला सांभाळ म्हणून बोलावलं तिला, आणि तिच्या पोरीसमोर ती आलीच नाही म्हटलं. आता ती कशाला येईल? या घरात पुन्हा नाही येणार ती, वत्सले. मी घालवली तिला."

त्या घागर घेऊन आत गेल्या. स्वयंपाकघरात वहिनी राजमला भात भरवत होती. वहिनीला विचारणं सोपं होतं. मी विचारलं नाही.