औषधाआधीचं रक्त

ओट्यावरून झाकण घरंगळलं आणि दुपारची शांतता मोडली. माझी लेक मनाली कुशीवर वळली, पण उठली नाही. तेवढ्यात लिहून घेते.

आमच्या दवाखान्यात दाखल झाल्यावर कोणाच्या रक्तात जंतू शिरले, ते मोजायचं काम माझ्याकडे आहे. नवजात बाळांच्या वॉर्डात हा आकडा कित्येक महिने शून्य होता. वरून शाबासकी आली, पेढे वाटले. मीही खाल्ला. मग हळूहळू लक्षात आलं, बाळाला ताप आला की आम्ही आधी अँटिबायोटिक सुरू करतो आणि तपासणीचं रक्त नंतर काढतो. औषध अंगात गेल्यावर तपासणीच्या बाटलीत जंतू कुठून वाढणार?

परवा अमडापूरच्या प्रतिमाच्या बाळाला ताप भरला, तेव्हा मी औषधाआधी रक्त काढायला लावलं. जंतू निघाले. सलाईनच्या नळीच्या टोकावरही तेच सापडले.

डॉक्टर सुधाकरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. तेही रात्रभर जागेच होते. मग म्हणाले, हे आपल्याच आकड्यात मोजा, नळी हाताळायची पद्धत आजपासून बदलू. फक्त नातेवाइकांजवळ बोलू नका. मी मान हलवली.

बाहेर बाळाची आजी, बनाबाई, सुनेचं ऐकून घेत बसली होती. दाखल करताना बाळाला तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. त्या धडुत्यानंच ताप आला, असं प्रतिमा सारखी म्हणत होती, आणि म्हातारी त्या दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. मला पुढे जाववेना.

"आजी, ताप तुमच्या दुपट्यानं नाही आला. इथंच आला. आमच्या नळीतून."

बनाबाई प्रतिमाला म्हणाली, "आयकलं का वं?" मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "आता तुमीच बरा करा त्याले, शिस्टर."

बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. ताप थोडा उतरलाय.

मनाली उठून मांडीवर आली. बाळ बरं झालं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, होईल. ताप कसा आला त्याला? मी सांगितलं, नळीला आम्ही सगळ्याच जणी हात लावतो. कोणाच्या तरी हातावरून जंतू गेले.

तिनं माझा हात उलटसुलट करून पाहिला.

"तुह्या हातावरून गेले काय, आई?"