वाजणारे जोडे

अरे, शहाद्याकडच्या लोटनला जंगल खात्यात शिपायाची नोकरी लागली ना, तर घरी पेढे वाटायच्या आधी तो पळाला तळोद्याच्या बाजारात, दगा मोच्याकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. कपडे त्याने घेतलेच होते, जाड खाकी, काट्याला दाद न देणारे, बसता-उठता उसवणार नाहीत असे सैल. वर एक घोंगडी. पण जोडे! दुहेरी तळ, टाचेला लोखंडी नाल, आणि पाऊल टाकलं की कर्र-कर्र वाजणारे. आपल्याकडे नवरदेव मुद्दाम घेतात ना, तसेच.

दगा म्हणाला, डोंगरात चालायचं तर तेल पाजून देतो, कातडं मऊ पडेल, पाय सोलणार नाहीत, आवाजही जाईल. पण लोटनला तर आवाजच हवा होता.

"वाजू दे, दगाभाऊ. मी येस ते लोकेसले समजाले जोयजे."

"साहेब व्हई गया भो तू," दगा म्हणाला आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली.

आणि समजलं की लोकांना! मोलगीच्या वर त्याची चौकी, आजूबाजूला डोंगरात विखुरलेले पाडे. हा कर्र-कर्र करत पाड्यावर पोचायचा तर दारं उघडी, कोंबड्या फिरताहेत, चूल धगधगतेय, आणि माणूस एक नाही! आधीचा शिपाई कुऱ्हाडी हिसकावून न्यायचा, कोंबडे उचलायचा. जोड्याचा आवाज आला की सगळे झाडीत. लोटन कुणाला चकार शब्दाने बोलला नव्हता. बोलायला भेटलंच कोण? भरल्या घरात, भांडणाच्या गलक्यात वाढलेला गडी, पावसाळा गेला, हिवाळा गेला, पण समोर बसून 'जेवलास का' म्हणणारं कुणी नाही. मग तो जोड्यांशीच बोलायला लागला. पायाला घट्टे पडले, जोडे मात्र नवेच्या नवे.

एकदा एका झोपडीत तव्यावर भाकरी तशीच टाकून बाई पळालेली. एका बाजूने करपायला लागली होती. लोटन वाकला, बोटं भाजत भाकरी उलटली, नीट शेकू दिली, तवा खाली उतरवून ठेवला आणि निघाला. मग त्याला सवयच लागली. जाईल तिथे चुलीपाशी डोकावायचा.

होळी जवळ आली. काठी गावाकडून ढोल ऐकू यायला लागले, आणि त्याला राहवेना. त्याने जोडे काढले, गळ्यात अडकवले आणि अनवाणी त्या करपल्या भाकरीच्या झोपडीकडे निघाला. काटे भरले, टाच फुटली, पण आवाज नाही! चुलीपुढे एक म्हातारी बसली होती. कालीबाई. तिने मान वर केली आणि ती पळाली नाही.

तिला बाजारापुरती अहिराणी येत होती. तिने त्याच्या रक्ताळल्या पायांकडे बघितलं, गळ्यातल्या जोड्यांकडे बघितलं, आणि विचारलं, "भाकर तूच उलटाडस का?"

लोटनने नुसती मान हलवली. तिने अर्धी भाकरी मोडून पळसाच्या पानावर दिली. तो खात होता तोवर ती समोर बसून राहिली. त्याला तेवढंच पुरे होतं, रोज यावं असं वाटलं.

उठताना तीच म्हणाली, असा मुका येऊ नको. पोरं लाकडाला जातात, अचानक समोर आलास तर भिऊन दरीत पडतील.

"जोडा घाली ये, बा. वाजाडत ये."

तो उंबऱ्यावर बसला, फुटलेल्या टाचा जोड्यांत कोंबल्या आणि कर्र-कर्र करत उतरला. खालच्या पाड्यात दोन पोरी बोलत होत्या. त्या गप्प झाल्या, मग झाडी हलली.

पुढेही तसंच. ते जोडे त्याने कितीतरी वर्षं वापरले, तेल कधी पाजलं नाही. कालीबाईच्या दारी पोचायचा तेव्हा तीही नसायची, आवाज आला की लोकांबरोबर तिलाही झाडीत जावंच लागायचं, एकटी मागे राहिली तर पाडा तिला शिपायाची माणूस म्हणाला असता. फक्त चुलीशेजारी पळसाचं पान असायचं, त्यावर अर्धी भाकरी. तो बसून खायचा, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, आणि तव्यावर दुसरी असलीच तर जाताना उलटून जायचा.